भूगोलाच्या सरांच्या छातीतले धक्के

बटणने त्या आठवड्यात एका पँटचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले होते. पँट टपालवाल्याची होती. त्याने ती सकाळी घाईघाईत चढवली, पाय आत घातले, ते बाहेर आलेच नाहीत, आणि बिचारा पलंगापासून दारापर्यंत उड्या मारत गेला. ही हकिकत त्याने दुकानात येऊन उड्यांसकट करून दाखवली. बटणचे बाबा म्हणजे दुकानाचे मालक आणि शिंपी. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते गिऱ्हाइकासमोर खाली मान घालून उभे राहिले.

बटण हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती गोल, चकचकीत होती आणि एकदा कुठे घरंगळली की तासभर सापडायची नाही, म्हणून बाबांनी ते ठेवलं. आता ती एकवीस वर्षांची होती, बाबांच्याच हाताखाली काम शिकत होती, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

पँटचं तसं होण्यामागे तिचा फोन होता. तो ती मशीनच्या चाकामागे टेकवून ठेवायची. तिच्याबरोबर शिवणकाम शिकलेली एक मैत्रीण दुसऱ्या शहरात गेली होती, आणि तिथून रोज नवे कपडे घालून समुद्राकाठी हसत उभी असल्याचे फोटो टाकायची. बटण ते बघायची आणि तिला वाटायचं, मैत्रीण लाटांसमोर आणि आपण इथे दुसऱ्यांच्या पँटी उलट्या करत बसलोय. बघितलं की वाईट वाटायचं, वाईट वाटलं की पुन्हा बघायची. रात्रीची झोप तुटक झाली होती. आईने काही विचारलं तरी ती खेकसायची. काम करताना मांडीवर फोन थरथरल्यासारखं वाटायचं, काढून बघावं तर काहीच आलेलं नसायचं, आणि आता काढलाच आहे तर म्हणून पुढचा अर्धा तास कुठे जायचा ते कळायचं नाही.

टपालवाला गेल्यावर बाबांनी तिला कापायच्या टेबलाशी उभं केलं आणि आपल्या मोठ्या कात्रीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की दुकानात फोन काढणार नाही. कात्रीवर शपथ घेण्याची पद्धत जगात कुठेच नसेल, पण बाबांच्या लेखी त्या कात्रीहून मोठं काही नव्हतं. बटणने गंभीर चेहऱ्याने शपथ घेतली. ती तीन दिवस टिकली.

शुक्रवारी सकाळी तिच्यापुढे भूगोलाच्या सरांचा कोट होता. सरांनी शाळेत तिला भूगोल शिकवला होता. आता ते निवृत्त होते, एकटे राहायचे, आणि त्यांना बारा महिने थंडी वाजायची. कोट काळा, जाड लोकरीचा, छातीशी भरीव कापडाचे दोन थर असलेला. त्याचं अस्तर फाटलं होतं. बटणने नवं अस्तर जवळजवळ सगळं लावलं होतं, डाव्या बाजूला वीतभर तोंड उघडं राहिलं होतं. बाबा मागच्या खोलीत इस्त्री करत होते. बटणने फोन काढून त्या उघड्या तोंडात धरला आणि मान खाली घालून बघत बसली. लांबून कुणालाही वाटलं असतं, पोरगी कामात बुडालीय.

तेवढ्यात बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने फोन दोन थरांच्या मध्ये ढकलला, सुई उचलली आणि टाके घालायला लागली. वाटलं, बाबा हलले की उसवून काढू. बाबा हललेच नाहीत. ते तिथेच उभं राहून कॉलर कशी बसली पाहिजे ते सांगत राहिले. शेवटचा टाका घालून तिने दोरा तोडला आणि त्याच क्षणाला दुकानाचं दार उघडून सर आत आले. बाबांनी कोट तिच्या हातातून घेतला, झटकला आणि सरांच्या अंगावर चढवला. सरांनी नेहमीप्रमाणे आतल्या डाव्या खिशात चष्म्याची पेटी आणि एक जाडजूड वही कोंबली, त्यामुळे त्या बाजूला आणखी काही कडक आहे याचा त्यांना संशयही आला नाही. त्यांनी बटणचं कौतुक केलं आणि ते निघून गेले.

तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर ती कात्री होती.

दुपारपर्यंत तिचे हाल झाले. मांडीवर थरथर जाणवायची, हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. गिऱ्हाइकाला कापडाचे नमुने दाखवताना तिचा अंगठा आपोआप कापडावरून वर सरकायला लागला, आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं की या कापडात काही दोष आहे का. संध्याकाळी ती ताटाकडे बघून जेवली. तिची आई शहरातली बस चालवायची आणि सहसा कशाने घाबरायची नाही, पण हे बघून तिने बटणच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शनिवारी बाबा दोरे आणायला गेले तेव्हा बटणने दुकानातल्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला. रिंग जात होती. फोन जिवंत होता. तिला इतकं बरं वाटलं की तिने लागोपाठ अकरा वेळा लावला. मग धीर करून ती सरांच्या घरी गेली. सर कोट घालून पायरीवर बसले होते. चेहरा पांढराफटक. बटणने ठरवल्याप्रमाणे थाप मारली की कोटात एक टाका राहिलाय, दोन मिनिटं द्या, इथेच घालून देते. सर तिच्याकडे खूप मायेने बघत म्हणाले, "असू दे बाळ. आता राहिलेले टाके वरचाच घालेल." आणि ते आत गेले. बटणला वाटलं, वरचा म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी शिंपी राहायला आलाय. ती हिरमुसली होऊन परत फिरली.

सरांवर मात्र शुक्रवार दुपारपासून आभाळ कोसळलं होतं. जेवायला बसले असताना त्यांच्या हृदयाच्या जागी काहीतरी थरथरलं. मग पुन्हा. मग लागोपाठ तीनदा. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता. सरांनी चाळीस वर्षं भूकंप शिकवला होता, त्यांनी वही काढली. प्रत्येक धक्क्याची वेळ, किती सेकंद टिकला, सौम्य की मध्यम की तीव्र, सगळं लिहायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला अकरा तीव्र धक्के बसले, प्रत्येकी अर्धा मिनिट, तेव्हा त्यांनी ते अकराही नोंदवले आणि मगच डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी कोट काढायला लावला, तारा लावल्या, कागद काढला. हृदय घड्याळासारखं चाललं होतं. सरांनी कोट घातला आणि दारापर्यंत जाईतो धक्का. ते परत आले. कोट काढला, धक्का नाही. असं तीनदा झालं. चौथ्यांदा बाहेर बसलेले पेशंट कुरकुरायला लागले. शेवटी बाई म्हणाल्या, हृदयाला काही झालेलं नाही, वीसेक वर्षं त्याच्याकडे बघू नका, पण कोट छातीला आवळत असेल तर शिंप्याकडून सैल करून घ्या. सरांनी यातलं "काही झालेलं नाही" हे धीर देण्यासाठी म्हटलेलं आहे असं धरलं, आणि कोटाचं तेवढं मनावर घेतलं.

म्हणून सोमवारी सकाळी ते दुकानात आले आणि खालच्या आवाजात बाबांना म्हणाले की कोट छातीला घट्ट होतोय, डॉक्टरांनी सांगितलंय. बाबांना ते झोंबलं. त्यांनी शिवलेला कोट तीस वर्षांत कुणाला घट्ट झाला नव्हता. त्यांनी गळ्यातली टेप काढली, सरांच्या छातीभोवती गुंडाळली आणि डाव्या बाजूला बोट दाबून माप वाचायला वाकले. आणि त्यांच्या बोटाखाली थरथर झाली.

बाबांनी हात मागे घेतला, हाताकडे बघितलं, पुन्हा टेपवर ठेवला. पुन्हा थरथर. बाबांचा चेहरा उतरला. टेप त्यांच्या हातातून खाली पडली आणि ते स्टुलावर बसले. शिंप्याचा हात थरथरायला लागला की त्याचं आयुष्य संपलं, हे ते नेहमी म्हणायचे. त्यांचे वडील असेच एका सकाळी सुईत दोरा ओवू शकले नव्हते.

"माझे हात गेले," बाबा म्हणाले.

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. माझं तर हृदय गेलंय. दोघांची वेळ एकदमच आली म्हणायची."

मग दोघंही काही वेळ एकमेकांचे हात धरून बसले. बटण काजाची पट्टी हातात घेऊन बघत होती. बाबा तिला म्हणाले की आता दुकान तुलाच सांभाळायचंय, फक्त पँटींचे पाय उघडे ठेवत जा, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघितल्यावर बटणला कात्रीची भीती वाटेनाशी झाली.

"बाबा, तुमचे हात ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "सरांचं हृदयसुद्धा. तो माझा फोन आहे."

दोघांनी एकमेकांचे हात सोडले. मग सरांनी हळूच विचारलं, "हृदयात?"

तिने कोट उतरवून घेतला, अस्तर उसवलं आणि दोन थरांमधून फोन बाहेर काढला. तो त्याच क्षणी एकदा थरथरला, जणू हजेरी दिली. बॅटरी चार टक्के उरली होती. आपला फोन तीन दिवस टिकू शकतो हे बटणला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, कारण तिच्या हातात तो कधी दुपार पार करत नसे.

ती बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. बाबा मात्र उसवलेल्या अस्तराची कड डोळ्यांजवळ धरून बघत होते.

"हे टाके तू घातलेस?"

"हो."

"एका मापाचे आहेत," बाबा म्हणाले. मग रागवायचं होतं हे त्यांना आठवलं आणि ते रागावले. बराच वेळ रागावले. मधेमधे थांबून ते सुईत दोरा ओवून बघत होते, आणि तो पहिल्या फटक्यात गेला की आणखी जोरात रागावत होते.

सर रागावले नाहीत. त्यांनी वही उघडून बटणला शेजारी बसवलं. शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत पाचशे त्रेसष्ट धक्के. एकट्या शनिवारचे दोनशे बारा. त्यांनी आलेखही काढला होता, सकाळी दहाला एक डोंगर, संध्याकाळी त्याहून मोठा, आणि रात्रीही सपाट असं काही नाही. शाळेत सर फळ्यावर पर्वतरांगा काढायचे तशीच रांग होती. फक्त ही तिची होती.

"हे तुला रोज होतं?" सरांनी विचारलं.

"हो."

"मी तीन दिवसांत अर्धा झालो. जेवण जाईना, एक ओळ धड वाचून होईना. पुढचा कधी बसतोय म्हणून नुसती वाट बघत बसायचो. आणि तू डॉक्टरांकडे गेली नाहीस?"

बटणला आधी हसू आलं. मग ते हसू मधेच कुठेतरी अडकलं आणि ती रडायला लागली. सरांना तिने समुद्राकाठच्या फोटोंचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, फोन जवळ असला की छातीत धडधडतं आणि नसला की जास्तच, हेही सांगितलं. बाबांचं रागावणं हळूहळू बंद झालं. त्यांना वाटायचं पोरगी आळशी आहे. तिला वाईट वाटत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातात रुमाल दिला. तो रुमाल नव्हता, कुणाच्या तरी शर्टाची कापलेली बाही होती, पण तिने त्या बाहीनेच डोळे पुसले.

आणि मग सर एकाएकी ताडकन उठले. चेहरा शनिवारपेक्षाही पांढरा.

"म्हणजे मी मरणार नाही? डॉक्टरबाईंनी सांगितलेली वीस वर्षं खरीच?" ते म्हणाले. "अरे देवा. मी पत्र पाठवलंय."

आपण चार दिवसांचे सोबती आहोत असं वाटून सरांनी रविवारी सगळी आवराआवर केली होती. पाळलेले मासे शेजाऱ्यांना देऊन टाकले. त्यांची शिडी सहा वर्षांपूर्वी आपणच नेली हे कबूल केलं. आणि शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंना, ज्या आता निवृत्त होऊन दोन गल्ल्या सोडून राहत, चार पानांचं पत्र लिहिलं की एकोणीस वर्षं तुमच्यावर माझा जीव आहे, आता जाता जाता सांगतो, उत्तराची अपेक्षा नाही कारण उत्तर येईपर्यंत मी असणार नाही. पत्र त्यांनी आज सकाळी दुकानात येताना टपालवाल्याच्या हातातच दिलं होतं, म्हणजे ते आजच पोहोचणार होतं.

निस्तरायला कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. बटण धावत सुटली. वाटेत तिला टपालवाला परत येताना दिसला. त्याने तिला ओळखलं आणि नकळत रस्ता ओलांडून पलीकडे गेला. म्हणजे पत्र पडलेलं होतं.

संगीताच्या बाईंनी दार उघडलं तेव्हा त्या बाहेर जायच्या कपड्यांत होत्या. एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्यात पत्र, डोळे सुजलेले. त्या सरांच्याच घरी निघाल्या होत्या, त्यांना "हो" सांगायला आणि शेवटचं काहीतरी वाजवून दाखवायला. बटणने दारातच सगळं सांगून टाकलं, फोन, अस्तर, धक्के, अकरा रिंगा. बाई चौकटीला टेकून ऐकत होत्या.

"म्हणजे ते जगणार आहेत?"

"हो."

"किती?"

"डॉक्टर म्हणाल्या, वीसेक वर्षं तरी."

बाईंनी व्हायोलिनची पेटी खाली ठेवली. "मग मला विचार करायला वेळ पाहिजे," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांसाठी हो म्हणणं वेगळं आणि वीस वर्षांसाठी वेगळं. त्यांना सांग, पत्र मी परत देणार नाही. आणि तिसऱ्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत."

बटणने निरोप जसाच्या तसा पोहोचवला. सर चुकांमुळे लाजले, पण पत्र परत मिळणार नाही हे ऐकून त्यांनी कोटाची बटणं एकेक करून लावली आणि घरी जाताना शीळ वाजवत गेले.

संध्याकाळी घरी फोन पूर्ण चार्ज करून बटणने तो उघडला. पाचशे त्रेसष्टपैकी अकरा रिंगा तिच्या स्वतःच्याच. बाकीच्यांतले खरोखर तिच्यासाठी आलेले निरोप मोजून पाच निघाले. दोन दाताच्या दवाखान्याचे, एक आईचा की येताना साबण आण, आणि दोन त्या समुद्राकाठच्या मैत्रिणीचे. पहिल्यात लिहिलं होतं, तू माझे फोटो बघितले नाहीस. दुसऱ्यात, तू बरी आहेस ना?

बटणने तिला सरळ फोन लावला. कितीतरी महिन्यांत त्या दोघी तोंडाने बोलल्याच नव्हत्या. मैत्रीण एका कपड्याच्या गोदामात कामाला होती आणि ते कपडे घालून उभं राहायचं हा कामाचाच भाग होता. समुद्र पडद्यावर छापलेला होता. वारा पंख्याचा. एका दुपारी चाळीस पोशाख बदलायचे आणि प्रत्येकात पहिल्यांदाच समुद्र बघितल्यासारखं हसायचं. मग घरी जाऊन कुणी बघितलं, कुणी नाही, ते मोजत पडून राहायचं. बटणचं नाव तिच्या यादीत रोज असायचं. तीन दिवस नव्हतं तर तिचं जेवण गेलं नाही. पंख्यावरून दोघींना असं हसू फुटलं की आईने आतून विचारलं, काय झालं. बटणने खेकसायच्या ऐवजी तिलाही सांगितलं.

यानंतर बटण एकदम शहाणी झाली असं काही नाही. तिने फोनची थरथर बंद केली, तो दहा ते एक बाबांच्या दोऱ्याच्या डब्यात ठेवायला लागली, आणि सरांच्या सांगण्यावरून एक वही घालून त्यात आपण किती वेळा फोन हातात घेतला ते लिहायला लागली. पहिल्या आठवड्यात आकडा दिवसाला दीडशेच्या खाली येईना. मग सत्तर झाला. एका रविवारी मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा पुन्हा एकशे ऐंशीवर गेला, आणि ती दुसऱ्या दिवशी सरांपुढे वही घेऊन गेली तर सर म्हणाले, हा पश्चात धक्का, मोठ्या भूकंपानंतर येतातच. झोप हळूहळू लागायला लागली. दुकानासमोरचं छत्र्यांचं दुकान जाऊन तिथे चाव्यांचं दुकान आलंय हे तिला समजलं, आणि ते येऊन आठ महिने झालेत हेही. बाबांनी तिला पहिल्यांदा एक अख्खा कोट एकटीने शिवायला दिला. टपालवाला मात्र अजूनही पँट घ्यायला आला की काउंटरवरच दोन्ही पायांतून हात आरपार घालून बघतो.

सहा आठवड्यांनी संगीताच्या बाई दुकानात आल्या. त्यांच्याकडे निळं कापड होतं आणि त्यांना चांगला, अंगाबरोबर बसणारा ड्रेस शिवून हवा होता. बटणनेच माप घेतलं. बाबांनी कापायच्या टेबलावरून विचारलं की कधीपर्यंत पाहिजे, काही समारंभ वगैरे आहे का.

बाई आरशात स्वतःकडे बघत म्हणाल्या, "अजून ठरलेलं नाही. पण बाह्या जरा सैल ठेव गं, व्हायोलिन वाजवताना आवळतात."

बटणने मापांच्या वहीत लिहून घेतलं, बाह्या सैल.